‘बाहेर जाऊन खा’ म्हणणाऱ्यांना

‘खायचं तर खुशाल खा, पण बाहेर जाऊन खा. घरात शिजवू नका.’ पिंपरी-चिंचवडमध्ये डुकराच्या मांसाचा विषय निघाला की हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याला वाटत असतं, आपण किती समजूतदार! बंदी घातली नाही, नाक मुरडलं नाही, फक्त उंबरठा दाखवला. मोशी-रावेतच्या नव्या इमारतींत हा सल्ला शेजारी देतात. चाकणजवळ कुरुळी-निघोजेच्या खोल्यांत घरमालक देतात. मटणाच्या रश्शावर ताव मारून, हात धुता धुता हाच सल्ला देणारी माणसंही मी पाहिली आहेत. माझं म्हणणं याच्या बरोब्बर उलट आहे. डुकराचं मांस खायचंच असेल तर ते घरीच शिजवावं, स्वतःच्या पातेल्यात, स्वतःच्या गॅसवर. आणि ज्या पदार्थामुळे मी या वादात पडले, तो तर शिजतोच घरी.

पदार्थ व्हिएतनामी आहे, थित खो. मांसाचे मोठे तुकडे आणि उकडलेली अंडी शहाळ्याच्या पाण्यात मंद आचेवर शिजवायची, रंग आणि कडसर गोडी करपवलेल्या साखरेची, खारटपणा फिश सॉसचा. दक्षिण व्हिएतनाममध्ये तेत म्हणजे त्यांचं चांद्र नववर्ष आलं की घरोघरी याचं भलं मोठं पातेलं चढतं. सणाच्या दिवसांत बाजार बंद, म्हणून आधीच शिजवून ठेवायचं आणि रोज गरम करून खायचं. गरम होत होत रस्सा दाट होतो, अंड्यांचा रंग तपकिरी होत जातो, आणि तिसऱ्या दिवशीचं पहिल्या दिवशीपेक्षा चांगलं लागतं. पुण्यातल्या ‘एशियन’ म्हणवणाऱ्या हॉटेलांत चिकट गोड सॉसमध्ये घोळवलेले पोर्कचे चार तुकडे पांढऱ्या बशीत येतात; त्याचा याच्याशी संबंध नाही. ‘बाहेर जाऊन खा’ म्हणणाऱ्यांनी आधी सांगावं, कुठे जाऊ?

यावर पहिला टोमणा ठरलेला: ही परदेशी थेरं आपल्या स्वयंपाकघराला झेपायची नाहीत, सामानच मिळत नाही. सामान पाहू. शहाळी आपल्या प्रत्येक नाक्यावर हातगाडीवर आहेत. कोकणाइतक्याच नारळाच्या मुलखातला पदार्थ हा. मेकाँगच्या मुखाजवळचा बेन त्रे हा भाग नारळासाठीच ओळखला जातो. अंडी, लसूण, मिरी, साखर यांची चर्चा नको. लहान कांदे लागतात, तेही सांबाराचे म्हणून मिळतात. फिश सॉस मात्र विकत आणावा लागतो आणि तिथे तडजोड करू नये. सोया सॉस घालून ‘तेच ते’ म्हणणाऱ्यांनी सरळ दुसरा पदार्थ करावा. फिश सॉस म्हणजे छोटे मासे आणि मीठ साधारण तिनास एक या मापात लाकडी पिंपांत वर्षभर मुरवून गाळलेलं पाणी. फू क्वॉक बेटावरच्या फिश सॉसला २०१२ साली युरोपीय संघानं भौगोलिक संरक्षण दिलं. हे मासे अँकोव्ही कुळातले, म्हणजे आपल्या मांदेलीचे भाऊबंद. ज्या घरात सुकी मांदेली आणि जवळा चालतो, त्या घरानं या बाटलीला परकं म्हणणं जरा जास्तच होतं.

कृतीही अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. पोटाकडचं मांस घ्यायचं, कातडीसकट, ज्यात चरबी आणि मांस यांचे थर दिसतात. खाटकाला ‘बेली’ म्हटलं की कळतं. दीड-दोन इंचांचे चौकोनी तुकडे करून उकळत्या पाण्यातून पाच मिनिटं काढायचे, फेस टाकून द्यायचा, तुकडे धुवायचे. मग ठेचलेला लसूण, कांदे, मिरी आणि फिश सॉस लावून अर्धा तास ठेवायचे. जाड बुडाच्या पातेल्यात दोन-तीन चमचे साखर चमचाभर पाण्यात मध्यम आचेवर ठेवायची आणि तिच्यावरून नजर हलवायची नाही. ती आधी मधाच्या रंगाची होईल. तिथे थांबलात तर रस्सा फिकट आणि नुसता गोड होणार. कोऱ्या चहाइतकी गडद झाली, धुराची पहिली रेघ दिसली की लगेच मांस टाकायचं. आणखी अर्धा मिनिट रेंगाळलात तर कडू. तुकड्यांना रंग चढला की ते बुडतील इतकं शहाळ्याचं पाणी ओतायचं, उकळी आली की फेस काढायचा, आच अगदी मंद करायची आणि झाकण तिरकं ठेवायचं. तासाभरानं सोललेली उकडलेली अंडी सोडायची. तिकडे बदकाची घालतात, कोंबडीची चालतात. एकूण दीड ते दोन तास. कातडीतलं आणि मांसाच्या पदरांमधलं कोलॅजेन सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं, त्यासाठी हा वेळ. चार शिट्ट्यांत मांस मऊ होईलही, पण रस्सा गढूळ होतो. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर चरबी वर गोठते, हवी तेवढी चमच्यानं उचलून टाकता येते. हॉटेलवाला ती तुमच्यासाठी उचलणार नाही.

खायचं साध्या भाताबरोबर आणि काहीतरी आंबट तोंडी लावून. ते लोक मोहरीच्या पानांचं किंवा मोड आलेल्या मुगाचं आंबवलेलं लोणचं घेतात. मूग भिजवून मोड आणायला मराठी बाईला कुणी शिकवायची गरज नाही. भात इंद्रायणीचा करावा. हा तांदूळ आपल्या शेजारच्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली प्रसारित झाला, आणि त्याच्या किंचित चिकटपणामुळे हा रस्सा भातावरून ओघळून जात नाही.

सामान आहे, कृती जमते, हे मान्य झालं की आवाज खाली येतो आणि खरा आक्षेप पुढे येतो. ‘ते सगळं ठीक आहे हो, पण डुक्कर आपल्यात नाही.’

आपल्यात म्हणजे कुणात? कल्याणीच्या चालुक्यांचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं. त्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजानं काय खावं हे सांगणाऱ्या त्यातल्या भागात डुकराच्या मांसाची कृती आहे. उकळतं पाणी ओतून केस कसे काढायचे, मग अंगारावर भाजायचं कसं, तुकडे कसे करायचे, सगळं तपशीलवार. या घराण्याचं राजचिन्ह कोणतं होतं? वराह. विष्णूचा अवतार ध्वजावर आणि त्याच जातीचा प्राणी पानात, यात त्या दरबाराला काही विसंगत वाटलं नाही. पुढे मराठा सरदार-संस्थानिकांच्या घरांत रानडुकराची शिकार मिरवली जायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचे ते दिवस संपवले, पण त्या मटणाच्या आठवणी सांगणारी म्हातारी माणसं आजही आहेत, आणि ती सांगताना कुणी त्यांना गप्प करत नाही.

राजानं खाल्लं तर शौर्य. मग घाण कधी झालं? वडार, कैकाडी, मातंग घरांत शिजलं तेव्हा. या घरांनी डुकरं पाळली, खाल्ली, सणाला आणि लग्नकार्याला शिजवली. त्यांच्या वस्त्या गावाच्या कडेला होत्या आणि त्यांचं अन्न गावाच्या लेखी वेशीबाहेरचं होतं. मराठी पाककृतींच्या पुस्तकांत या स्वयंपाकाला जागा मिळाली नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित घरांचं अन्न, कृतींसकट, मराठी वाचकांसमोर मांडलं. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानं दलितांच्या अन्नाच्या आठवणी गोळा करून पुस्तक काढलं होतं. म्हणजे ज्यांना ‘आपल्यात नाही’ म्हणायचंय, त्यांना अज्ञानाची सबबही उरलेली नाही. ‘आपल्यात’ या हिशेबातून त्यांनी कुणाला वगळलंय हे त्यांनी उघड बोलावं, एवढंच.

आणि वसईपासून मुंबईच्या जुन्या गावठाणांपर्यंत पसरलेले ईस्ट इंडियन? मराठीचीच बोली बोलणारी ही माणसं लग्नाला बाटली मसाला कुटतात आणि डुकराचं इंदयाल करतात. गोव्यात सोरपोतेल आणि चोरिस या डुकराच्या मांसाच्या पदार्थांशिवाय ख्रिस्ती घरातला सण होत नाही. पोर्तुगीज गेले १९६१ साली, चोरिस राहिली. ही सगळी मराठी-कोंकणी माणसं ‘आपल्या’त मोजायची की नाही?

आता आरोग्याचा मुद्दा. जातीचं बोलणं अवघडल्यासारखं झालं की चर्चा जंतांवर येते: ‘डुकराचं खाल्लं की मेंदूत किडे होतात.’ हा आजार खरा आहे आणि गंभीर आहे. न्यूरोसिस्टिसर्कोसिस असं त्याचं नाव, आणि ज्या देशांत त्याचा प्रादुर्भाव आहे तिथे अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असावा, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण तो होतो कसा हे नीट समजून घ्या, कारण इथेच सगळा घोटाळा आहे. डुकराच्या कच्च्या किंवा अर्धकच्च्या मांसात एका पट्टकृमीच्या गाठी असतील आणि त्या पोटात गेल्या, तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. मेंदूतल्या गाठी होतात कृमीची अंडी पोटात गेल्यानं, आणि ही अंडी बाहेर पडतात माणसाच्या विष्ठेतून. सांडपाण्यावर वाढलेली, न धुतलेली कोथिंबीर, दूषित पाणी, शौचाहून येऊन हात न धुता भाकरी थापणारा माणूस, हे त्यांचे रस्ते. जन्मात मांस न चाखलेल्या माणसालाही हा आजार होतो, आणि होतोच. डुकरालाही गाठी होतात त्या उघड्यावरची माणसाची विष्ठा खाऊन. म्हणजे या साखळीत मूळ गुन्हेगार आहे उघडी हागणदारी. तिचा बंदोबस्त महापालिकेनं करायचा आहे, माझ्या पातेल्यानं नव्हे.

तरी सावधगिरी हवीच. गल्लीतल्या उकिरड्यावर फिरणाऱ्या डुकराचं मांस घेऊ नये, या बाबतीत सल्लागारांशी माझं पूर्ण एकमत आहे. परवाना असलेल्या दुकानातून, बंदिस्त फार्मवर वाढवलेलं, शीतसाखळीतून आलेलं मांस घ्यावं. तांदळाच्या दाण्याएवढे पांढुरके फोड दिसले तर परत करावं. कच्च्या मांसाची सुरी आणि फळी वेगळी ठेवावी. आणि नीट शिजवावं: अखंड तुकड्याच्या गाभ्यात ६३ अंश सेल्सियस गाठून तीन मिनिटं गेली की अमेरिकेचं कृषी खातं त्याला सुरक्षित मानतं. थित खो तासाहून अधिक काळ उकळीच्या जवळ असतं. आता मला सांगा, महामार्गावरच्या ढाब्यात मांस कुठून आलं, फ्रीज रात्री बंद होता का, तुकडा आतून शिजला का, हे तुम्हाला कळतं? घरी सगळं कळतं. ज्यांना खरंच आरोग्याची काळजी आहे, त्यांनी ‘घरातच शिजवा’ म्हणायला हवं होतं. ते म्हणत नाहीत, यावरून काळजी कशाची आहे ते ओळखावं.

आपल्या भागाला आणखी एक भीती चिकटली आहे, २००९ ची. स्वाईन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू त्या ऑगस्टमध्ये पुण्यात झाला. शाळा, चित्रपटगृहं, मॉल बंद झाले, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या, तोंडाला रुमाल बांधलेलं शहर आपण पाहिलं. तो विषाणू माणसाकडून माणसाकडे खोकल्या-शिंकांतून पसरत होता. शिजवलेल्या मांसातून तो होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं तेव्हाच स्पष्ट केलं होतं, आणि नावामुळे गैरसमज होतोय म्हणून एप्रिलअखेरीस ते नाव वापरणंही सोडलं होतं. पुण्यात ते राहिलं. दीड दशकानंतरही कुणीतरी पातेल्याकडे बघून ‘स्वाईन फ्लू?’ असं विचारतं.

राहिला वासाचा प्रश्न. फिश सॉस गरम मांसावर पडतो तेव्हा वास येतो, नाकारत नाही. पाचेक मिनिटांत साखर, लसूण आणि शहाळं त्याला पोटात घेतात. खिडकी उघडावी, चिमणी लावावी. सुके बोंबील भाजले की तीन मजल्यांना कळतं आणि कुणी सभा बोलावत नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहनिर्माण संस्थेत मात्र कुकरमध्ये काय होतं याची चौकशी झाली आणि ‘वातावरण बिघडतं’ अशी तोंडी समज दिली गेली. लेखी द्या म्हटल्यावर विषय थांबला. थांबणारच. राज्यात गोवंशहत्या बंदीचा कायदा आहे, डुकराच्या मांसावर बंदी नाही. आणि त्या गोवंश कायद्याच्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं मे २०१६ मध्ये राज्याबाहेरून आणलेलं मांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द करताना, माणसानं आपल्या घरात आपल्या आवडीचं खाणं हा त्याच्या खाजगीपणाचा भाग मानला. तो निकाल सरकारच्या अधिकाराबद्दल होता, सोसायटीच्या चेअरमनबद्दल नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण सरकारला जिथे डोकावता येत नाही, तिथे चेअरमननं डोकावावं असं कुणाला वाटत असेल तर त्यानं तसं ठरावात लिहून दाखवावं.

न खाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मुसलमान शेजारी धर्मानं वर्ज्य मानतात, जैन मांसच वर्ज्य मानतात, कुणाला नुसतं आवडत नाही. त्यांना मी वाढत नाही, या मांसाचं भांडं त्यांच्या घरी पाठवत नाही, आणि पाठवलेल्या पुऱ्यांचं तेल कुठलं हे विचारलं तर खरं सांगते. कुणाच्या ताटात न घालण्याचं बंधन माझ्यावर आहे. माझ्या ताटातून काढून घेण्याचा हक्क त्यातून कुणाला मिळत नाही.

‘बाहेर जाऊन खा’ हा पुरुषी सल्ला आहे, हेही बोललं पाहिजे. आपल्याकडे कित्येक घरांत वशाटाची भांडी वेगळी, चूल परसात किंवा गॅलरीत, आणि बाहेर खाणारे बाप्ये. नाशिक रस्त्याच्या ढाब्यावर मित्रांबरोबर बसून काय वाट्टेल ते खाऊन आलेल्या माणसाला घरी कुणी विचारत नाही. त्याच घरातल्या बाईला ते खावंसं वाटलं तर तिनं कुठे बसून खायचं? घरातली चूल शुद्ध ठेवण्याचं काम तिच्याकडे सोपवून बाकीच्यांनी बाहेर मोकळं व्हायचं, अशी ही सोय आहे.

आणि ज्यांना ‘बाहेर’ परवडतच नाही त्यांचं काय? चाकणच्या कारखान्यांवर मणिपूर, मेघालय, झारखंडहून आलेली पोरं तीन पाळ्यांत राबतात. म्हाळुंगे-खराबवाडीत चौघं मिळून एक खोली घेतात, एका शेगडीवर रांधतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी डुकराचं मांस हे सणाचं जेवण आहे. ईशान्येत हे मांस किती रुळलेलं आहे पाहा: २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या सुमारे ९० लाख डुकरांपैकी २१ लाख एकट्या आसामात होती. खोली देताना त्यांना अट घातली जाते, नॉनव्हेज चालणार नाही, आणि ‘ते’ तर नाहीच. गंमत अशी की याच पट्ट्यात कारखाना असलेली फोक्सवॅगन जर्मनीत वोल्फ्सबुर्गला १९७३ पासून स्वतःचं डुकराच्या मांसाचं सॉसेज बनवते, आणि त्या सॉसेजला गाडीच्या सुट्या भागासारखा पार्ट नंबरही आहे: १९९ ३९८ ५०० ए. त्या कंपनीची गाडी दारात उभी केली की मान ताठ होते. शेजारच्या खोलीतल्या पोरानं रविवारी पातेलं चढवलं की नाक वर होतं.

म्हणून सोसायटीच्या समित्यांना आणि खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना माझं सांगणं आहे. भाडं वेळेवर मागा, अनामत घ्या, पोलीस पडताळणी करा, जिना आणि मोरी स्वच्छ ठेवायची अट घाला, ओला कचरा झाकून द्यायला लावा. पातेल्यात काय आहे ते विचारू नका, आणि करारात ते वाक्य असेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी काढून टाका.